पाच टक्के म्हणजे किती?

'डायब्लो २' या गेममध्ये 'ड्रॅक्युल्स ग्रास्प' नावाचे हातमोजे मिळतात. त्यांच्या वर्णनातली एक ओळ सांगते की वार लागला की पाच टक्के शक्यतेने दहाव्या पातळीचा 'लाइफ टॅप' हा शाप आपोआप सुटेल. शाप लागलेल्या शत्रूला मारत राहिले की मारणाऱ्याचेच जीवन भरून येते, त्यामुळे हे हातमोजे जवळ बाळगण्यासारखे. ओळ साधी आहे, आकडा स्वच्छ आहे. तरीही ती वाचून हातमोजे चढवणाऱ्या दोन खेळाडूंच्या पदरात सारखे फळ पडत नाही. सेकंदाला एक वार करणाऱ्याला हा शाप सरासरी वीस सेकंदांनी एकदा लाभतो. पॅलाडिन या वीराचे 'झील' हे कौशल्य वापरून सेकंदाला सहा वार हाणणाऱ्याला तो साडेतीन सेकंदांच्या आत लाभतो. त्यातही 'वार लागला की' ही अट आहेच. या गेममध्ये साधा हल्ला लागण्याची शक्यता कितीही जोर लावला तरी ९५ टक्क्यांच्या वर जात नाही, म्हणजे उत्तमातल्या उत्तम योद्ध्याच्याही दर फटक्यामागे पाचाऐवजी पावणेपाच टक्केच उरतात. समोरच्या राक्षसाची पातळी चढी असेल तर आणखी कमी. हातमोज्यांवरचा आकडा मात्र पाचच राहतो.

ज्यांचा या खेळांशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर अॅक्शन रोल-प्लेइंग गेममध्ये तुमच्या ताब्यात एक वीर असतो. झुंडीच्या झुंडी अंगावर येतात, तुम्ही त्या कापत सुटता, पडलेल्या शत्रूंकडून शस्त्रे-चिलखते गोळा करता आणि त्यांच्या जोरावर पुढच्या झुंडीला भिडता. मारामारी हाताच्या चपळाईची असली तरी अर्धा खेळ हिशेबाचा असतो. कोणते कौशल्य कोणत्या वस्तूशी जुळवायचे, या जुळणीला खेळाडू 'बिल्ड' म्हणतात. वस्तूंवरचे सर्वांत मोहक गुण बहुधा शक्यतेच्या भाषेत लिहिलेले असतात: अमुक टक्के वेळा वीज पडेल, तमुक टक्के वेळा शत्रू गोठेल. असे काही घडले की खेळाडू म्हणतात 'प्रॉक झाले'. या लेखात मला जे मांडायचे आहे ते या छापील टक्क्यांविषयी आहे. त्यांच्या मागे गुणक असतात, घड्याळे असतात, आधीच्या फटक्यांची आठवण ठेवणारे फासे असतात. ते असावेत की नाही, यावर माझा वाद नाही. ते नसतील तर हे खेळ आठवडाभरही टिकणार नाहीत. पण छापील आकडा पाहून खेळाडू निवड करतो, त्यासाठी शेकडो तास आणि कधी कधी रोख पैसे खर्च करतो. तो आकडा ज्या नियमाने बदलतो तो नियम खेळाच्या आतच सांगितला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि त्याला आधार म्हणून या खेळांतलेच दाखले पुरेसे आहेत.

गुणक का लागतो, ते झीलच्या उदाहरणातच दिसते. दर वारामागे शक्यता ठेवली की जास्त वार करणारे कौशल्य आपोआप राजा होते. मे २०१२ मध्ये 'डायब्लो ३' आला तेव्हा त्याच्या निर्मात्या ब्लिझार्ड कंपनीने यावर बंदोबस्त करून ठेवला होता. प्रत्येक कौशल्याला, आणि त्याच्या प्रत्येक उपप्रकाराला, शून्य ते एक या दरम्यानचा एक अंक दिलेला होता आणि वस्तूवरची शक्यता त्या अंकाने गुणली जात होती. समजा एका वस्तूवर २० टक्के शक्यता आहे. एक कौशल्य सेकंदाला एकच घणाघाती वार करते आणि त्याचा गुणक १ आहे. दुसरे सेकंदाला दहा हलके वार करते आणि त्याचा गुणक ०.१ आहे. पहिल्याला दर वारामागे २० टक्के मिळतात, दुसऱ्याला २ टक्के. पण सेकंदाचा हिशेब दोघांचा सारखाच येतो. कल्पना देखणी आहे. एका अंकाने शेकडो वस्तू आणि सगळी कौशल्ये एकमेकांच्या मापात बसतात, नवी वस्तू बनवताना प्रत्येक जोडीचा वेगळा विचार करावा लागत नाही. एकाच वेळी वीस जणांना लागणाऱ्या कौशल्याला छोटा अंक द्यायचा, एकालाच लागणाऱ्याला मोठा. या रचनेला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. अडचण एवढीच की तो अंक पडद्यावर कुठेच नव्हता. सेटिंगमध्ये 'अॅडव्हान्स्ड टूलटिप्स' नावाचा पर्याय होता, तो चालू केला की नुकसानीचे बारीकसारीक टक्के दिसत. गुणक तिथेही नव्हता. तुमच्या तलवारीवर २० लिहिलेले असे आणि प्रत्यक्षात चालत असत २, आणि हे तुम्हाला कळण्याची खेळात सोय नव्हती.

मग कळले कसे? इथे खेळाडूंच्या चिकाटीला दाद द्यावी लागेल. सुदैवाने हाच गुणक 'लाइफ ऑन हिट' या गुणालाही लागू होता आणि त्यात नशिबाचा भाग नव्हता. अंगावरून जीवन भरून देणाऱ्या बाकी सगळ्या वस्तू उतरवायच्या, फक्त दर वाराला १,००० जीवन देणारी एक वस्तू ठेवायची, थोडी जखम करून घ्यायची आणि एकेका कौशल्याने एकेकट्या शत्रूला मारत बसायचे. डोक्यावर उमटणारा हिरवा आकडा १,००० असेल तर गुणक १, आणि २५० असेल तर पाव. अशा रीतीने एकेक कौशल्य तपासून याद्या तयार झाल्या. पण निव्वळ शक्यतेवर चालणारा गुण असता तर हे काम जवळपास अशक्य होते. पाच टक्के शक्यतेच्या गुणासाठी हजार वार मोजले तर सरासरी पन्नास वेळा तो चालेल, आणि निव्वळ योगायोगाने छत्तीस ते चौसष्ट यांमधला कुठलाही आकडा येऊ शकतो. खरी शक्यता चारच टक्के असती तर हजारात अठ्ठावीस ते बावन्न. दोन्ही पट्टे एकमेकांवर चढलेले. म्हणजे हजार वार इमानाने मोजणाऱ्यालाही चार आणि पाच यांतला फरक खात्रीने सांगता येत नाही. 'खेळून खेळून अंदाज येतोच' असे जे म्हणतात त्यांनी हे गणित एकदा करून पाहावे. अंदाज येत नाही. समज तयार होतात, आणि ते बहुधा शेवटच्या दोन-चार ठळक प्रसंगांवर बेतलेले असतात.

याच 'डायब्लो ३'मध्ये १२ जून २०१२ रोजी अमेरिकेत खऱ्या पैशांचा लिलाव सुरू झाला. खेळाडू एकमेकांना वस्तू डॉलरमध्ये विकू लागले, कमाल किंमत २५० डॉलर, आणि शस्त्र किंवा चिलखताच्या दर विक्रीमागे कंपनीचा एक डॉलर. 'इन्फर्नो' या सर्वांत कठीण पातळीवर बार्बेरियन आणि माँक या वीरांची सगळी भिस्त लाइफ ऑन हिटवर होती, विझार्डचे काही बिल्ड 'क्रिटिकल हिटवर आर्केन पॉवर' (म्हणजे नेहमीपेक्षा जबर वार बसला की मंत्रशक्ती परत) या गुणाशिवाय उभेच राहत नसत, आणि हे दोन्ही गुण त्या अदृश्य गुणकातून गाळून येत होते. विकत घेणारा जो आकडा वाचून पैसे मोजत होता तो त्याच्या कौशल्याला पूर्ण मिळणार की एक अष्टमांश, हे लिलावाच्या पानावर लिहिलेले नव्हते. हा लिलाव १८ मार्च २०१४ रोजी बंद झाला, तो अर्थातच वेगळ्या कारणांनी: वस्तू विकत मिळू लागल्यावर राक्षस मारण्यात रस उरेना. पण त्या पावणेदोन वर्षांत छापील टक्क्यांना बाजारभाव होता, आणि ज्या अंकावर त्यांची खरी किंमत ठरत होती तो अंक विकणाऱ्या मंचाला ठाऊक होता, घेणाऱ्याला नव्हता.

'डायब्लो ३'नंतर अकरा वर्षांनी, जून २०२३ मध्ये 'डायब्लो ४' आला आणि तोच गुणक उजेडात आला. आता त्याला 'लकी हिट' म्हणतात. प्रत्येक कौशल्याच्या माहितीत त्याची लकी हिट शक्यता छापलेली असते आणि वस्तूवर लिहिलेले असते: लकी हिट झाल्यास अमुक टक्क्यांपर्यंत शक्यता. कौशल्याची शक्यता ४० टक्के आणि वस्तूची ५ टक्के असेल तर दर वाराला २ टक्के, हे शाळकरी पोरही सांगेल. रचनेत फार फरक पडलेला नाही, दोन अंकांचा गुणाकार तेव्हाही होता आणि आताही आहे. फरक पडला तो दोन्ही अंक समोर असण्यात. मला यातली एकच गोष्ट खटकते, ती म्हणजे 'पर्यंत' हा शब्द. दसरा-दिवाळीला कापडदुकानांच्या पाटीवर '५० टक्क्यांपर्यंत सूट' लिहितात, त्यातला 'पर्यंत' जसा बारीक अक्षरात असतो तसाच हा. नवखा खेळाडू ठळक आकडाच वाचतो. तरी पाटीवर तो शब्द आहे आणि दुसरा अंक शोधायला दुकानाबाहेर जावे लागत नाही, हे आधीच्या अवस्थेपेक्षा कितीतरी बरे.

गुणकापेक्षाही फसवी असतात ती घड्याळे. 'डायब्लो २' सेकंदाला २५ फ्रेमवर चालतो आणि कुठलाही हल्ला पूर्ण फ्रेममध्येच बसतो. दहा फ्रेमचा हल्ला सेकंदाला अडीच वेळा होतो, नऊ फ्रेमचा पावणेतीनच्या थोडा वर, आणि साडेनऊ फ्रेम अशी चीजच अस्तित्वात नाही. त्यामुळे वेग वाढवणारे टक्के गोळा करत गेले तर बराच काळ काहीच होत नाही आणि एका उंबरठ्यावर अचानक उडी पडते. न्यूझीलंडच्या ग्राइंडिंग गियर गेम्सने २०१३ मध्ये आणलेल्या 'पाथ ऑफ एग्झाइल'मध्ये याचा अधिक अद्भुत नमुना आहे. तिथे 'कास्ट ऑन क्रिटिकल स्ट्राइक' नावाचे रत्न असते: हल्ला क्रिटिकल ठरला की जोडलेला मंत्र आपोआप सुटतो. सलग सुटू नये म्हणून मधे विश्रांती असते, आणि रत्नावर अनेक वर्षे ती ०.१५ सेकंद अशी छापलेली आहे. सर्व्हर मात्र वेळ अखंड मोजत नाही. तो सुमारे ०.०३३ सेकंदांच्या ठोक्यांनी चालतो. पंधरा शतांश सेकंद चार ठोक्यांत मावत नाहीत, म्हणून पाचवा ठोका लागतो आणि विश्रांती ०.१६५ सेकंदांची होते. आता समजा प्रत्येक वार क्रिटिकल आहे, समोर एकच शत्रू आहे आणि तुम्ही सेकंदाला सहा वार करता. दोन वारांमधले अंतर विश्रांतीपेक्षा जरासे जास्त, त्यामुळे सहाही वारांवर मंत्र सुटतो. उत्साहाने आणखी वेगाची वस्तू चढवून सेकंदाला सात वार केले की अंतर ०.१४३ वर येते, दर दुसरा वार विश्रांतीत अडकून वाया जातो, आणि सुटणारे मंत्र सहावरून साडेतीनवर घसरतात. वस्तू चांगली, आकडा वाढलेला, परिणाम जवळपास निम्मा. विश्रांती लवकर संपवणारा गुण १३ टक्के मिळवला तर उपयोग शून्य, कारण पाचवा ठोका टळत नाही. १४ टक्के झाला की चार ठोक्यांत काम भागते. तेरा आणि चौदा यांच्यातली ही दरी रत्नावरच्या मजकुरातून कुणालाही कळणार नाही.

मिहोयोच्या 'जेनशिन इम्पॅक्ट'मध्ये हेच घड्याळ आणखी खोल दडवलेले आहे. २०२० मध्ये आलेल्या या खेळाचा सगळा डोलारा आग, पाणी, वीज, बर्फ अशा तत्त्वांच्या संयोगावर उभा आहे: ओल्या शत्रूवर बर्फ पडला की तो गोठतो, वगैरे. साहजिकच वाटते की पाण्याचा प्रत्येक फटका शत्रूला ओला करत असेल. तसे होत नाही. बहुतेक हल्ल्यांसाठी पहिला फटका तत्त्व लावतो, मग एक तर अडीच सेकंद जावे लागतात किंवा तिसरा फटका यावा लागतो. मधले फटके नुकसान करतात पण ओले करत नाहीत. हा नियम पात्रांच्या माहितीपत्रकात नाही. कोट्यवधी लोकांनी खेळलेल्या खेळाचा पाया हा नियम आहे आणि तो खेळाडूंनी व्हिडिओ संथ करून, फटके मोजून शोधून काढलेला आहे. इथे एक तिरकी गंमत सांगायला हवी. ज्या शस्त्रांवर '६० टक्के शक्यता, बारा सेकंदांत एकदाच' असे लिहिलेले असते, तिथे हाच खेळ आपले घड्याळ स्वच्छ सांगतो. म्हणजे सांगता येत नाही असे नाही. कुठे सांगायचे ठरवले, कुठे नाही, एवढेच.

पण छापील आकडा नियमापासून किती दूर जाऊ शकतो याचा सर्वांत धडधडीत पुरावा कॅनडाच्या डिजिटल एक्स्ट्रीम्सच्या 'वॉरफ्रेम'मध्ये होता. तिथे शत्रूला जाळणे, गारठवणे, विषबाधा करणे अशा परिणामांची 'स्टेटस चान्स' प्रत्येक बंदुकीवर लिहिलेली असे. छर्रे उडवणाऱ्या शॉटगनच्या बाबतीत तो आकडा एका छर्‍याचा नसून पूर्ण बाराचा होता: एका बारातल्या छर्‍यांपैकी निदान एकाने तरी परिणाम लावण्याची शक्यता. मग एकेका छर्‍याला किती? दहा छर्‍यांची बंदूक घ्या. पडद्यावर ९० टक्के असतील तर दर छर्‍याला साधारण २०.६ टक्के येतात, म्हणजे एका बारात सरासरी दोन परिणाम. ९९ टक्के असतील तर दर छर्‍याला ३६.९, म्हणजे जेमतेम पावणेचार परिणाम. आणि शंभर झाले की दर छर्‍याला शंभर टक्के, बाराला दहाच्या दहा. शेवटच्या एका टक्क्यात परिणाम पावणेतीन पट होत होता. गणित म्हणून यात काही चूक नाही. 'निदान एक' या व्याख्येतून तेच निघते. पण पडद्यावर ९९ आणि १०० शेजारी शेजारी दिसत होते आणि त्यांच्यात एवढा कडा आहे, याची पुसटशी सूचनाही नव्हती. ज्याला ठाऊक होते तो चार बदल करून शंभर गाठत असे, ज्याला नव्हते तो ९५ वर समाधान मानून वर्षानुवर्षे अधू बंदूक वापरत असे. मार्च २०२० च्या मोठ्या फेरबदलात हा हिशेब बदलून आकडा छर्‍यागणिक करण्यात आला. काही जुन्या जाणत्यांची शंभराची बंदूक त्यात दुबळी झाली, आणि त्यांचा संताप समजण्यासारखा होता, पण तेव्हापासून आकडा आणि अनुभव यांचा एकमेकांशी मेळ बसू लागला.

तिसरा प्रकार आठवण ठेवणाऱ्या फाशांचा. ब्लिझार्डच्या २००२ च्या 'वॉरक्राफ्ट ३'पासून चालत आलेली आणि पुढे 'डोटा २'ने उचललेली एक पद्धत अशी: कौशल्यावर २५ टक्के लिहिलेले असते, पण पहिल्या फटक्याला खरी शक्यता साडेआठ टक्क्यांच्या आसपास असते. तो हुकला की दुसऱ्याला सतरा, तिसऱ्याला साडेपंचवीस, असे वाढत बाराव्या फटक्याला खात्री होते. एकदा साधले की पुन्हा साडेआठपासून. लांब पल्ल्याची सरासरी बरोबर २५ येते. शुद्ध फाशात बारा वेळा सलग हुकण्याची शक्यता तीन टक्क्यांहून थोडी अधिक असते, आणि ज्याच्या वाट्याला ते येते तो खेळाला शिव्या घालतो. इथे ते होऊच शकत नाही. 'पाथ ऑफ एग्झाइल'मध्ये शत्रूचे वार चुकवण्याचा हिशेबही असाच खातेवही ठेवून चालतो, म्हणजे वाईट नशिबाच्या एकाच माळेने माणूस मरू नये. ही योजना दयाळू आहे हे मला मान्य आहे, आणि छुप्या नियमांच्या बाजूने केला जाणारा सर्वांत वजनदार युक्तिवादही इथूनच येतो.

तो असा: माणसाला शक्यता कळतच नाही, म्हणून खरे आकडे दाखवणे हाच घोटाळा आहे. 'सिव्हिलायझेशन' या गेमचे कर्ते सिड मायर यांनी २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधल्या भाषणात सांगितले होते की तीनास एक अशी बाजू भक्कम असताना हरलेला खेळाडू खेळालाच दोषी धरतो. 'फायर एम्ब्लेम' मालिकेने तर २००२ पासून दोन अंकांची सरासरी घेऊन पडद्यावरचे ९० टक्के आतून सुमारे ९८ करून ठेवले होते. खेळाडूच्या मनातल्या गणिताशी जुळवून घेतलेले खोटे, असे याचे समर्थन करतात. मी ते अर्धेच मान्य करतो. खेळाडूच्या बाजूला झुकलेला फासा असू द्या, पण झुकता फासा आहे हे सांगायला काय हरकत आहे? 'डोटा २'ची पद्धत गेली कित्येक वर्षे जगजाहीर आहे. काही चतुर खेळाडू आधी प्यादी मारून फटके 'भरून' ठेवतात आणि मग मोठ्या शत्रूकडे वळतात. त्याने खेळ बुडाला नाही. उलट त्यात एक डाव वाढला. पुढचा फटका साधणार की नाही हे झाकलेले राहू द्यावे, त्यातच रंगत आहे. फासा कसा पडतो हे झाकण्यात रंगत नाही.

दुसरा आक्षेप शोधाच्या आनंदाचा. गुपिते नसतील तर विकी, कोष्टके, 'पाथ ऑफ बिल्डिंग'सारखी खेळाडूंनी स्वतः रचलेली हिशेबाची साधने, रात्र रात्र चालणाऱ्या चर्चा, हे सगळे उभे राहिले नसते, असे म्हणतात. पण 'पाथ ऑफ एग्झाइल'चेच पाहा: त्याचा बराचसा भाग उघड लिहिलेला आहे, आल्ट कळ दाबली की वस्तूच्या गुणांचे अधिक तपशील दिसतात, आणि तरीही 'पाथ ऑफ बिल्डिंग'शिवाय कुणी गंभीरपणे बिल्ड रचत नाही. नियम माहीत असूनही त्यांच्या जुळण्या अगणित राहतात. शोधण्यासारखे तेच आहे. बुद्धिबळाचे सगळे नियम छापील आहेत म्हणून कुणाला त्यात शोधायला काही उरले नाही असे वाटत नाही. शिवाय नियम शोधण्याचा आनंद पहिल्या दहा जणांना मिळतो आणि उरलेले लाखो तयार बिल्डची नक्कल करतात, कारण स्वतः विचार करण्यासाठी लागणारा अंक त्यांच्यापाशी नसतो. गुपितांमुळे विविधता वाढते असे जे सांगतात त्यांच्या नेमके उलट घडते. आणि हे सारे ज्ञान इंग्रजी पानांवर, इंग्रजी व्हिडिओत, धावत्या गप्पांत साठलेले असते. त्या इंग्रजीत सराईत नसलेला सांगलीचा किंवा नांदेडचा मुलगा हाताने कितीही चपळ असो, अर्धा खेळ त्याच्यासाठी बंद दारामागे राहतो. पडद्यावरचा एक अंक वाचायला मात्र भाषा लागत नाही.

माहितीची गर्दी होईल, नवखा बावचळेल, हा तिसरा आक्षेप व्यावहारिक आहे आणि त्याचे उत्तरही व्यावहारिक आहे. सगळे सगळ्यांना एकदम दाखवायचे नाही. 'लास्ट इपॉक' या गेममध्ये परिणामाची शक्यता शंभराच्या वर जाऊ शकते. १५० टक्के म्हणजे एक परिणाम नक्की आणि दुसऱ्याची निम्मी शक्यता. विचित्र वाटणारा हा आकडाही एका वाक्यात समजतो आणि एकदा समजला की कायम कामी येतो. एक कळ दाबल्यावर उघडणारी दुसरी ओळ कुणालाच जड होत नाही. आणि नियम नीट सांगता येण्याइतका सोपा नसेल तर नियमच बदलण्याचीही वाट आहे. डिसेंबर २०२४ मध्ये 'अर्ली अॅक्सेस'च्या, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विकत घेऊन खेळण्याच्या, रूपात आलेल्या 'पाथ ऑफ एग्झाइल २'ने क्रिटिकलवर मंत्र सोडणाऱ्या रत्नात पूर्वीची रचनाच मोडीत काढली. आता क्रिटिकल वारांनी ऊर्जा साठते आणि पुरेशी साठली की मंत्र सुटतो. वेगाचा अतिरेक करणाऱ्यांना आळा घालायचा असेल तर गुपचूप गुणक लावण्यापेक्षा हे प्रामाणिक आहे. काहींना त्यात पूर्वीचा कडकडाट राहिला नाही असे वाटते, आणि ते खरेही असेल. पण काय चालले आहे ते दिसते.

पैसे आले की मात्र हा रुचीचा प्रश्न राहत नाही. दक्षिण कोरियात नेक्सॉनच्या 'मेपलस्टोरी'मध्ये वस्तूंचे गुण बदलणारे 'क्यूब' पैसे देऊन विकत घ्यावे लागत. २०१० पासून खेळाडूंना हव्या असलेल्या गुणांची शक्यता न सांगता कमी करण्यात आली, २०११ पासून काही जोड्या निघण्याची शक्यता चक्क शून्य करण्यात आली, आणि लोक ती जोडी निघेल या आशेने क्यूब फिरवत राहिले. २०२१ मध्ये हे बाहेर आले आणि जानेवारी २०२४ मध्ये कोरियाच्या फेअर ट्रेड कमिशनने कंपनीला सुमारे १,१६४ कोटी वॉनचा दंड केला. चीनने त्याआधीच, १ मे २०१७ पासून, अशा सोडतींच्या शक्यता जाहीर करणे सक्तीचे केले होते. तरी जाहीर आकड्यांतही फटी राहतातच. 'जेनशिन'च्या सोडतीत पंचतारांकित पात्र निघण्याची शक्यता ०.६ टक्के, नव्वदाव्या वेळी खात्री, आणि सगळे धरून सरासरी १.६ टक्के असे लिहिलेले आहे. पहिले दोन आकडे घेऊन हिशेब केला तर सरासरी १.४३च्या आसपास येते, १.६ येत नाही. याचा अर्थ नव्वदच्या आधीच कुठेतरी शक्यता गुपचूप वाढू लागते. खेळाडूंनी लाखो सोडती जमवून ती चौऱ्याहत्तरीच्या सुमारास वाढते असे ताडले. हे वाढणे खेळाडूच्या फायद्याचेच आहे, पण किती सोडती विकत घ्यायच्या हे ठरवणाऱ्याला ते आधी माहीत असायला हवे. याच खेळाच्या अमेरिकेतल्या प्रकाशकाने शक्यता आणि खर्च यांबाबत दिशाभूल केल्याच्या आरोपावरून जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करताना २ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले.

कोरियात २२ मार्च २०२४ पासून सुधारित कायदा लागू झाला असून पैसे देऊन घेतल्या जाणाऱ्या, नशिबावर अवलंबून असलेल्या वस्तूंच्या शक्यता आता खेळातच छापाव्या लागतात. कौशल्यांचे गुणक, विश्रांतीची घड्याळे आणि सर्व्हरचे ठोके त्या कायद्यात येत नाहीत. ते सांगायचे की नाही, हे आजही प्रत्येक स्टुडिओ आपल्या मर्जीने ठरवतो.